नवस लेकाचा, पाय आईचे

मित्रांनो, डोली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे नटलेली नवरी येते, सनई येते. माझ्या बाबतीत तसलं काही मनात आणू नका. मी डोली आहे हे खरं, पण माझ्यात आजवर एकही नवरी बसलेली नाही. माझ्यात बसल्या त्या गुडघे धरलेल्या आज्या, दम्याने बेजार झालेले आजोबा, आणि एकदा तर एक पैलवान, ज्यांचा पाय निम्म्या गडावर मुरगळला होता. त्या पैलवानांची आठवण झाली की माझी दांडी अजून कुरकुरते.

सिन्नरच्या पुढे डोंगराच्या रांगेत खडकाई देवीचा गड आहे. वर जायला गाडीवाट नाही, नुसत्या दगडी पायऱ्या. पायथ्याशी पहिली पायरी आहे आणि तिच्या डाव्या अंगाला पत्र्याची एक शेड. तिथे आढ्याला टांगलेली, धुळीने राखाडी झालेली मी तुम्हाला दिसेन. येणारे-जाणारे कधीकधी मला मोडका पाळणा समजतात. मी रागावत नाही. या वयात आता कोणाकोणावर रागवायचं?

मला घडवलं ते धनराज सुताराने. बसायची चौकट बाभळीची, हात टेकायला सागाच्या दोन पट्ट्या आणि बैठक काथ्याच्या दोरीने विणलेली. दांडी मात्र लांबून आली. सावळीराम डोलीवाला स्वतः हरसूलच्या आठवडे बाजाराला गेला. तिथे त्याने एकेक बांबू ठोकून, कानाला लावून पाहिला आणि एक निवडला. तो बांबू एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरने कुरकुर केली, तेव्हा सावळीराम म्हणाला, "देवीचं काम हाय, मास्तर." मग कंडक्टरनेच दोरी बांधायला हात लावला.

पुढे सावळीराम आणि मागे झुंबर, अशी माझी जोडी होती. हे काम दिसतं तितकं सोपं नाही हो. मागच्या माणसाला पायरी दिसत नाही, कारण त्याच्यापुढे बसलेल्याची पाठ असते. म्हणून पुढचा सांगत जातो. पायरी ढिली असली की "मोडकी!", वाट वळली की "वळण!", आणि वाटेत माकडं बसलेली असली की "मंडळी!" मागच्याने प्रत्येक हाकेला "हो माय!" म्हणायचं. ऐकलं, पाऊल जपून टाकतो, असा त्याचा अर्थ. ही माय म्हणजे वरची खडकाई. आणखी एक, दोघांनी पाय कधी जुळवायचे नाहीत. नवखा माणूस हटकून जुळवतो. पाय जुळले की मी झोके घ्यायला लागते आणि बसलेल्याच्या पोटात ढवळतं.

गडाची एक रीतही सांगायला हवी. दर्शन घेऊन उतरताना देवीकडे एकदम पाठ करायची नाही. पायी उतरणारे चार पावलं उलटी टाकतात आणि मग वळतात. माझ्यात बसलेल्याला मात्र सावळीराम कळसाकडे तोंड करून बसवायचा, म्हणजे विसाव्याच्या वळणापर्यंत कळस त्याच्या नजरेसमोर राहायचा. किती म्हाताऱ्या माणसांनी त्या तेवढ्या वाटेत डोळ्याला पदर लावला, ते मी पाहिलं आहे. वर देवीपुढे गर्दीत रडायला फुरसत कुठे मिळते?

ते दिवस माझ्या मानाचे होते. यात्रेत माझ्यासाठी लोक ताटकळत बसायचे. उतरल्यावर बायका माझ्या दांडीला कुंकू लावायच्या आणि म्हणायच्या, "डोलीबाई, तुझे उपकार." मी मनातून फुगायचे. लाकूड फुगतं ते फक्त पावसाने, असं तुम्हाला शिकवलं असेल, पण ते सगळंच खरं नाही.

मग झुंबरचे गुडघे गेले. जन्मभर दुसऱ्यांचे गुडघे वाहिले आणि शेवटी स्वतःचेच दगा देऊन बसले. त्याची मुलं सिन्नरच्या कारखान्यांत कामाला लागली होती. ती बापाला घेऊन गेली. सावळीराम नवा जोडीदार शोधत राहिला, पण ऊन-पावसात खांदा सोलून घ्यायला कोण येणार? आणि एका खांद्यावर मी चालत नाही. अशी मी आढ्याला गेले. सावळीरामने पायथ्याशी नारळ-फुलांचं दुकान मांडलं आणि तो रोज सकाळी माझ्याकडे एकदा बघून कामाला लागायचा.

तोवर लोकांनीही माझ्यावाचून चालवून घेतलं होतं. ज्याला गड चढवत नाही त्याने पहिल्या पायरीची पूजा करायची, ही इथली जुनी पद्धत. हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, माथा टेकायचा. दर्शन वर पोचतं, असं मानतात. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण पायरीवर माथा टेकून उठलेले डोळे मी पाहिले आहेत. ते लगेच वर जातात, शिखराकडे. आता तर नातवंडं भराभर वर चढतात आणि देवळातून आजीला व्हिडिओ कॉल लावतात. खाली आजी हातातल्या मोबाईलमध्ये देवी बघते आणि काचेलाच हात जोडते.

अशाच एका आजीची ही गोष्ट आहे. तिचं नाव सुलाबाई.

सुलाबाईंचं शेत आमच्याच तालुक्यात, पण आता त्या मुलाकडे नाशिकला राहायच्या. मुलगा सोमनाथ अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो. सून उज्वला. तिघं दरवर्षी चैत्राची यात्रा उलटली, गर्दी ओसरली की यायची. उज्वला वर चढायची, सोमनाथ आईजवळ थांबायचा आणि सुलाबाई वॉकर बाजूला ठेवून पहिल्या पायरीशी बसायच्या.

अशी ती पहिल्यांदा आली त्या वर्षी, पूजा झाल्यावर त्यांनी शेडकडे बोट केलं आणि सावळीरामला विचारलं, "बाबा, ती डोली चालती का अजून?"

सावळीराम म्हणाला, "डोलीला काय झालंय आक्का? माणूस नाय मागं धरायला."

मी कान टवकारले. इतक्या दिवसांनी कोणी माझं नाव घेतलं होतं. तेवढ्यात सोमनाथ एकदम तुटकपणे म्हणाला, "आई, डोलीचं नावसुद्धा काढू नको."

मला वाईट वाटलं. मी त्याचं काय केलं होतं? सुलाबाईंनी वॉकर जवळ ओढला. थोड्या वेळाने सोमनाथ नारळाचे पैसे द्यायला दुकानात आला तेव्हा सावळीरामनेच विचारलं, "डोलीवर एवढा राग का रे भाऊ?"

मग सोमनाथने जे सांगितलं ते मी माझ्या जागेवरून ऐकलं. त्याच्या दोन वर्षं आधी सुलाबाईंना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता आमच्या हातात फारसं काही नाही. सोमनाथ दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसला. गड कुठल्या दिशेला आहे ते त्याने अंदाजाने ठरवलं, तिकडे हात जोडले आणि बोलून गेला, "खडकाई माते, माझ्या आईला वाचव. ती पायी चढून तुझ्या दर्शनाला येईल."

सुलाबाई वाचल्या. घरी आल्या. पण महिनाभर खाटेवर पडून त्यांच्या पायांतली ताकद गेली ती गेलीच. घरातल्या घरात वॉकर घेऊन फिरायच्या, तेवढंच.

"आता सांगा बाबा," सोमनाथ म्हणाला, "पायी तर ती येऊ शकत नाही. डोलीत घालून नेली तर नवस मोडला. मोडला अन तिला परत काही झालं तर? मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

"वरच्या गुरवाला विचारलं का?"

"विचारलं. तो म्हणतो, देवी काय हजेरी घेत नाय. पण आई त्याची नाय ना."

मित्रांनो, असली चूक आपल्याकडून सहज होते. भीतीच्या पोटी माणूस देवाला काहीही कबूल करतो. स्वतः उपास धरील, केस ठेवील, ते ठीक आहे. पण सोमनाथ नवस बोलला स्वतः आणि त्यात पाय घातले आईचे, तेही तिला न विचारता. तरी त्याला हसू नका. त्याचं आईवर प्रेम होतं आणि त्या प्रेमापायीच तो तिला पहिल्या पायरीच्या वर जाऊ देत नव्हता.

त्यानंतर दरवर्षी तसंच चाललं. पायरी, नारळ, मोबाईल आणि परत. दरवर्षी सुलाबाई थोड्या आणखी वाळलेल्या दिसायच्या. गाडीतून उतरल्या की त्यांची नजर आधी शिखराकडे जायची, मग माझ्याकडे, आणि मग त्या मुकाट्याने पायरीशी बसायच्या.

गेल्या वर्षाच्या आधीच्या चैत्रात ती तिघं सकाळी लवकरच आली. उन्हं कोवळी होती. उज्वला ओटीची पिशवी सासूजवळ ठेवून वर गेली. मोबाईलवर देवी दिसली की सुलाबाई पहिल्या पायरीशीच ओटी ठेवायच्या, असं ठरलेलं असे. काही वेळाने तिचा फोन आला. सोमनाथने मोबाईल आईपुढे धरला. देवळातला अंधार दिसला, समया दिसल्या, शेंदराचा लाल रंग दिसला आणि चित्र तिथेच थांबलं. देवीचा अर्धा चेहरा आणि त्यावर गोल फिरणारी रेघ. रेंज गेली होती.

सुलाबाईंनी वाट पाहिली. मग त्यांनी मोबाईल सोमनाथच्या हातात परत दिला.

"डोळे नाय दिसले रे तिचे," त्या म्हणाल्या.

"थांब, परत लावतो."

"नको लावू." त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. "सोमा, मला खरं सांग. पुढच्या चैत्राला मी असंन का?"

"आई, सकाळी सकाळी काय बोलू ऱ्हायली तू?"

"माझ्या सासूनं मला या देवीपुढं उभं केलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. देवीचे डोळे बघून मला वाटलं, चला, या घरात कोणीतरी आपलं हाय. मला ते डोळे एकदा बघायचेत. बाकी काय नको."

सोमनाथ खाली बसला. "अन नवसाचं काय? मी तुझ्या जिवावर बोललोय, आई. मला भीती वाटते."

सुलाबाई त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुझं जावळ कुठं काढलं?"

"इथंच. गडावर."

"तू चालत गेला होता?"

सोमनाथने मोबाईल खिशात टाकला.

"वर्षाचा नव्हता तू. तुला कडेवर घेऊन चढले मी सगळा गड. जावळ तुझं होतं, पाय माझे होते. देवीनं ते जावळ घेतलं का परत पाठवलं? पोरगं आपल्या पायानं आलं नाय, म्हणून मला इचारलं का तिनं?"

दुकानात सावळीराम हार ओवत होता, त्याचा हात थांबला. मीही आढ्यावर श्वास धरून होते, म्हणजे धरता आला असता तर धरला असता.

"नवस तू बोललास सोमा," सुलाबाई म्हणाल्या. "तर पाय पण तुझेच लागतील. माझे कुठून आणणार?"

सोमनाथने वर पायऱ्यांकडे पाहिलं आणि मग शेडकडे. सावळीराम उठला. तो एवढंच म्हणाला, "मी पुढं धरतो. मागं तू ये."

"मला सवय नाही हो बाबा. पडलो तर?"

"मला तरी कुठं सवय होती?" सुलाबाई म्हणाल्या. "पहिलंच पोरगं होता तू."

मला खाली उतरवलं. सावळीरामने माझी धूळ पुसली, दोर ओढून पाहिला, बैठकीवर स्वतः बसून मला हलवून पाहिलं. सोमनाथने बूट काढले. मोजे काढले. त्याच्या खांद्यावर सावळीरामने जुन्या धोतराची चुंबळ ठेवली आणि त्याला हाका शिकवल्या. सुलाबाई माझ्यात बसल्या तेव्हा मी चकित झाले. त्यांना वजनच नव्हतं. हातात त्यांनी ओटीची पिशवी घट्ट धरली होती.

"माझ्या पायाशी पाय जुळवू नको," सावळीराम म्हणाला. "उचल."

सुरुवातीला सोमनाथने पाय जुळवलेच. मी हेलकावे खाऊ लागले. सावळीराम ओरडला, मग त्याला जमलं. पण तो हाकेला उत्तर द्यायचं विसरत होता. सावळीराम "मोडकी!" म्हणाला आणि मागून आवाजच नाही, तेव्हा तो जागीच उभा राहिला.

"उत्तर दे की बाबा! तू मागं हाय का झोपला, मला कसं कळायचं?"

"हो माय!" सोमनाथ घाईने म्हणाला.

"काय रे?" सुलाबाई म्हणाल्या. आपल्यालाच हाक मारली असं त्यांना वाटलं. मग लक्षात आल्यावर त्या हसल्या. त्यांचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे प्रत्येक वेळी सोमनाथ "हो माय" म्हणाला की त्या हळूच "हं" म्हणायच्या.

पण गड हा गड आहे. पायऱ्या उभ्या होत गेल्या. मागच्याच्या खांद्यावर चढताना जास्त भार येतो, कारण डोली त्याच्याकडे झुकते. सोमनाथचा श्वास मला ऐकू येत होता, शिटीसारखा वाजत होता. वाटेत चढणारी माणसं थांबून बघत होती. कोणीतरी म्हणालं, "दादा, मी धरू का थोडा वेळ?" त्याने मान हलवली. खिंडीच्या वळणावर "वळण!" अशी हाक आली, "हो माय" असं उत्तरही गेलं, आणि त्याच क्षणी कोणीतरी पाणी सांडलेल्या ओल्या पायरीवरून सोमनाथचा पाय सटकला.

मी एका अंगाला कलले. सुलाबाईंनी माझी सागाची पट्टी पकडली. उजवीकडे कठडा नव्हता, नुसती दरी होती. मला वाटलं, संपलं. पण सोमनाथने गुडघ्यावर पडूनही दांडी खांद्यावरून सुटू दिली नाही. सावळीराम पुढे खांबासारखा उभा राहिला. त्याने हळूहळू मला खाली टेकवलं.

सोमनाथच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. चुंबळ सरकून खांदा सोलला होता, शर्ट फाटला होता. तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "माझ्याच्यानं नाय होणार, आई. बघ, देवीलाच मान्य नाय."

सुलाबाईंनी त्याला जवळ बोलावलं. पिशवीतून ओटीची हळद काढली, तळहातावर घेतली, थोडं पाणी घातलं आणि त्याच्या सोललेल्या खांद्याला लावली. तो कळवळला.

"आई, ती देवीची हळद आहे."

"असू दे. तिला थोडी कमी पडली तर ती काय रुसणार नाय. तिला पण लेकरं हायेत." मग त्या म्हणाल्या, "तुला घेऊन चढले तेव्हा मी इथंच बसले होते. इथंच. मला पण वाटलं होतं, नाय होणार."

त्यांनी हळदीच्याच हाताने पुन्हा माझी सागाची पट्टी धरली आणि नीट बसल्या. थोड्या वेळाने सोमनाथने चुंबळ दुसऱ्या खांद्यावर घेतली. सावळीरामने दांडी उचलली.

फोनची वाट बघत वरच थांबलेली उज्वला आम्हाला शेवटच्या चढावर भेटली. आधी तिला ओळखू येईना. नवऱ्याच्या खांद्यावर दांडी, शर्ट पिवळा, पाय अनवाणी. तिने तोंडाला पदर लावला आणि मग एका बाजूने धरायला धावली. देवळाच्या उंबऱ्याशी मला टेकवलं. सुलाबाई उतरल्या. एका हाताला सून, एका हाताला लेक. आत जाताना त्यांचे पाय थरथरत होते, पण ते त्यांचे स्वतःचे होते.

मला आत जाता येत नाही. पण त्या दिवशी गर्दी नव्हती आणि दार सताड उघडं होतं. शेंदूर माखलेला मोठा पाषाण आणि त्यावर ते रुंद, चांदीचे डोळे. सुलाबाई समोर उभ्या राहिल्या. त्यांनी काही मागितलं नाही. बराच वेळ बघून त्या फक्त म्हणाल्या, "आले गं बाई."

मग त्यांनी ओटी भरली. उरलेली हळद वाहिली. आणि सोमनाथला पुढे केलं. "सांग आता तिला."

सोमनाथने देवीपुढे हात जोडले. तो म्हणाला, "आई, नवस माझा होता. गोड मानून घे." त्याने जमिनीला डोकं टेकलं आणि ते लवकर उचललं नाही. मला आजवर खूप मान मिळाला मित्रांनो, पण त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पडून राहण्यात जे समाधान होतं, ते कुठल्याच मानात नव्हतं.

उतरताना सावळीरामने रीतीप्रमाणे सुलाबाईंना कळसाकडे तोंड करून बसवलं. तो खालच्या बाजूला, सोमनाथ वरच्या बाजूला. म्हणजे सुलाबाईंना समोर लेकाचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या डोक्यामागे कळस. वळण येईपर्यंत त्या दोन्हीकडे बघत राहिल्या. पायथ्याला आल्यावर त्या सोमनाथला म्हणाल्या, "एक ऐक. यापुढं माझ्या नावानं काही बोलू नको देवाला. बोलायचं तर आधी मला इचार." सगळे हसले, सोमनाथही हसला.

त्या वर्षी थंडीच्या दिवसांत सुलाबाई गेल्या. सिन्नरच्या जीपवाल्याने सावळीरामला सांगितलं. त्याने त्या दिवशी दुकान लवकर आवरलं. मलाही कळत होतं त्याच्या मनात काय आहे. आता हा मुलगा काय म्हणेल? ज्याची त्याला भीती होती तेच झालं. मला दोष देईल, सावळीरामला देईल आणि सगळ्यात जास्त स्वतःला देईल. तसं झालं असतं तर त्या दिवसाचं सगळंच वाया गेलं असतं.

तेरावा झाल्यावर एका सुट्टीला सोमनाथ आला. डोक्यावर केस नव्हते. शेडमध्ये येऊन जमिनीवर बसला.

"बाबा," तो म्हणाला, "भावकी म्हणू ऱ्हायली, नवस पायी होता. डोलीत बसवली म्हणून गेली."

सावळीरामने हातातली फुलं खाली ठेवली. "भावकी आली होती का दांडी धरायला?"

सोमनाथने मान हलवली.

"तुझं तू सांग. तुला काय वाटतं?"

सोमनाथने माझ्याकडे पाहिलं. तो उठला आणि त्याने मला आढ्यावरून खाली घेतलं. माझ्या दोरांवरून हात फिरवला, बैठकीवरून फिरवला. मग सागाच्या पट्टीवर त्याचा हात थांबला. तिथे पिवळा डाग होता. चार बोटं आणि अंगठा. गेल्या चैत्रातल्या हळदीचा. पाऊस-पाण्यातून शेडच्या आडोशाला तो तसाच राहिला होता. सावळीरामने तो पुसला नव्हता आणि मी पुसू दिला नसता.

सोमनाथने त्या बोटांवर आपली बोटं ठेवली. मग तो रडला. मला हात नाहीत याचं मला कधी दुःख वाटलं नव्हतं, ते त्या वेळी वाटलं.

"जायच्या आदल्या दिवशी पण तेच म्हणत होती," तो म्हणाला. "डोळे बघितले रे मी तिचे. उज्वलाला धरून धरून सांगत होती. बाबा, ती घाबरून नाय गेली. मला वाटायचं, नवस मोडेल अन ती जाईल. जायची तर होतीच कधीतरी. न बघता गेली असती तर मी काय केलं असतं?"

सावळीराम उठला. त्याने चहा सांगितला.

चहा येईपर्यंत पहिल्या पायरीशी एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या होत्या. वत्सलाबाई त्यांचं नाव, ते मला नंतर कळलं. बरोबर कॉलेजात जाणारी नात होती, तेजल. पूजा झाली होती. वर गेलेल्या मुलाने फोन लावला होता आणि तेजल मोबाईल आजीपुढे धरून विचारत होती, "दिसतंय का आजी?"

"नुसतं गोल गोल फिरतंय बाई."

वत्सलाबाईंनी मोबाईलवरून नजर काढली आणि वर शिखराकडे पाहिलं. सोमनाथ ते बघत होता. त्याने चहा तसाच ठेवला आणि त्यांच्याजवळ गेला.

"आजी, वर यायचं का?"

"मी कशी येणार रे बाबा? गुडघे बघ माझे. अन माझा काय नवस पण नाय."

"मग तर लयच सोपं आहे," सोमनाथ म्हणाला. त्याने बूट काढले आणि मागे वळून हाक मारली, "बाबा, चुंबळ कुठंय?"

चुंबळ सावळीरामच्या हातातच होती.

तेव्हापासून सोमनाथ सुट्टीच्या दिवशी येतो. त्याचा खांदा आता घट्टा पडून तयार झाला आहे आणि पाय जुळवायची खोडही गेली आहे. सावळीराम मात्र थकत चालला आहे, हे मला दांडीवरून कळतं. माझा दोरही यंदा बदलायला हवा. बाकी माझं काही मागणं नाही. पण कधी आमच्या गडाला आलात आणि पहिल्या पायरीशी माथा टेकून कोणी आजी वर बघताना दिसली, तर तिच्यापुढे मोबाईल धरण्याआधी तिला एकदा विचारा, "आजी, वर यायचं का?" ती हो म्हणाली तर इकडे या. मी शेडमध्येच असते.